आत्याचा जंतू

माझ्या आत्याला खोटं बोलता येत नसे. हे मी तिचं कौतुक म्हणून सांगत नाही, कारण अशा माणसाबरोबर राहणाऱ्याला फार ताप होतो. शेजारीण नवी साडी नेसून हौसेनं दाखवायला आली की आत्या म्हणायची, "रंग बरा हाय, पन तुला नाय शोभत." अष्टमी गावातल्या बायका तिला हळदीकुंकवाला बोलवायच्या आधी दोनदा विचार करत. अशी ही बाई आयुष्यात एकदाच खोटं बोलली, आणि तेही धडधडीत, चारचौघांत. त्या एका खोट्यानं जे काम केलं ते तिच्या आयुष्यभराच्या खऱ्यानं केलं नाही. मला हे आजही पचत नाही.

तिचं नाव चंद्रावती. माहेर वडखळच्या पुढे, खाडीच्या अंगाला, मिठागरवाल्यांच्या गावात. लग्न होऊन ती रोह्याच्या पुलापलीकडे अष्टमीला आली. आतोबा कंपनीत फिटर होते, तिन्ही शिफ्ट करत. माझे वडील नाथा हे तिचे मोठे भाऊ. ते एक्क्याण्णव साली गेले, आई गावीच राहिली आणि मला कॉलेजसाठी आत्यानं आपल्याकडे आणलं. "पोरीला मिठागरात घालू नका," असं तिनं माझ्या आजोबांना तोंडावर सांगितलं होतं. आजोबांना तोंडावर काही सांगणारी ती त्या घरातली एकटीच.

आजोबांचं नाव महिपती. तालुक्यात त्यांना कोणी मिठागरवाला म्हणून ओळखत नसे. ते मूळव्याधीचं औषध देत. रविवारी उन्हं वर यायच्या आत आमच्या अंगणात माणसं ओळीनं बसलेली असत. पेणची, नागोठण्याची, पार महाडकडची. आजोबा पहाटे एकटेच बांधावर जाऊन कसला तरी पाला आणत, वाटत आणि ताकातून देत. पैसा घ्यायचा नाही. माणसानं एक नारळ ठेवायचा, मागे वळून न बघता घरी जायचं आणि तीन दिवस अळणी खायचं. ज्या गावात घरोघरी मिठाच्या गोणी, त्या गावातून लोक अळणी खायचं पथ्य घेऊन जात.

औषधाचे आणखी दोन नेम होते. पाला फक्त मुलाला दाखवायचा, मुलीला नाही. ती लग्न होऊन जाते आणि तिच्याबरोबर औषधही परक्या घरी जातं. आणि देणाऱ्याच्या घरात कुणाला तोच आजार झाला तर त्यानं घरचंच औषध घ्यायचं. त्या आजारासाठी दुसऱ्याच्या दारात पाय ठेवला की देणाऱ्याच्या हातातला गुण गेला.

लोकांना गुण येत नव्हता असं मी म्हणणार नाही. बहुतेकांना येत होता. ताकभात खाऊन, दारू-मटण बंद ठेवून मूळव्याध पुष्कळदा नुसतीही बसते. पण ज्याला गुण आला तो दहा जणांना सांगे, आणि ज्याला नाही आला तो गप्प बसे. कारण गुण नाही आला म्हणजे त्यानं पथ्य मोडलं, हे ठरलेलंच असे.

माझी आजी धोंडुबाई पंचेचाळिशी न गाठता गेली. तिला रक्त जायला लागलं तेव्हा आजोबांनी तिलाही ताकातून पाला दिला. ती गेल्यावर लोक म्हणाले, धोंडुबाईनं पथ्य मोडलं असणार. बायकोला जवळून बघणारे आजोबा नाही म्हणाले नाहीत. पुढे माझ्या वडिलांचंही तेच झालं. कोणीतरी उठवलं की नाथानं चोरून बोंबील खाल्ला. मी शेवटपर्यंत उशाशी होते. त्यांच्या घशाखाली पाणी उतरत नव्हतं, आणि म्हणे बोंबील!

शहाण्णव साली आत्याचं पोट जळायला लागलं. आधी तिनं सोडा घेऊन ढकललं. मग होळीनंतर रक्तही दिसायला लागलं आणि तिनं ते दुसऱ्याच दिवशी आतोबांना सांगितलं. आमच्या घरात एवढं लवकर कोणी सांगितलेलं नव्हतं. कंपनीच्या सोयीनं तिला मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात दाखवता आलं. बरोबर मी होते.

तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत होत्या. त्यांनी विचारलं, घरात कुणाला असं काही होतं का? आत्यानं आई सांगितली, भाऊ सांगितला, आडपडदा न ठेवता सांगितलं. त्यावर बाईंनी जठरात दुर्बीण घालून बघितलंच, पण खालचं मोठं आतडंही बघायचं ठरवलं. जठरात एक जंतू निघाला. आतड्यात चामखिळीसारखे कोंब निघाले, ते त्यांनी दुर्बिणीतूनच काढले.

"मला हे कशानं झालं?" आत्यानं विचारलं.

"एकाच कारणानं होत नाही," बाई म्हणाल्या. "वय होतं तसे हे कोंब येतात. तंबाखू, मिश्री, दारू, अंगावरची चरबी, खाण्यात भाजीपाला नसणं, यानं वाढतात. पोटातल्या या जंतूचाही त्यात हात असावा असं अलीकडे काही डॉक्टर म्हणायला लागलेत, पण अजून पक्कं कोणी सांगत नाही. त्याला गोळ्या देते, तो जाईल. तुमच्या बाबतीत मला काळजी वेगळीच आहे. आई गेली, भाऊ गेला, तुम्हाला निघाले. हे रक्तातून चाललंय. पाठचा भाऊ आहे ना? त्याला घेऊन या. कोंब लहान असताना काढले तर त्यांचा कॅन्सर होत नाही."

परतीच्या एसटीत आत्या पनवेलपर्यंत रिपोर्टांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मग एकदम माझा हात धरून म्हणाली, "अने, आये वाचली असती गो. तुझा बाप वाचला असता." आणि भर गाडीत, खिडकीकडे तोंडही न वळवता, हमसून रडली. घरी आल्यावर मिश्रीचा डबा घेऊन पुलावर गेली आणि कुंडलिका नदीत टाकून आली. थोडं थोडं कमी करणं वगैरे तिला जमत नसे.

तिचा पाठचा भाऊ म्हणजे कान्हूकाका. हसरा, सगळ्यांशी गोड, अंगानं दणकट. मिठागरात उन्हात राबायचा, बिडी ओढायचा, संध्याकाळी थोडी घ्यायचा. जेवणात भात आणि सुकट. भाजीचं नाव काढलं की म्हणायचा, "खारजमिनीत काय मेथी उगवंल?" ते खरंही होतं. माझ्या वडिलांनंतर आजोबांनी पाला त्याला दाखवला होता, आणि आजोबांचे हात थरथरायला लागल्यापासून रविवारी औषध तोच द्यायचा. लोक त्याला कान्हूदादा म्हणत. त्याला ते फार आवडे.

आत्या त्याच आठवड्यात माहेरी गेली आणि ओटीवर बसून बाईंनी सांगितलेलं सगळं एकही शब्द न गाळता सांगितलं. आजोबा ऐकत होते. रक्तातून चाललंय म्हटल्यावर त्यांनी तोंड फिरवलं. कान्हूकाकानं मात्र एकच गोष्ट उचलली.

"जंतू हाय काय? मग त्याच्या गोळ्या घेऊ की. माझं पन पोट जळतं."

"गोळ्या घे, पन खालून बघून घ्याया पायजे," आत्या म्हणाली.

"पोटाचं पोटाला," आजोबा मध्येच बोलले. "पोटाच्या गोळीला आपला नेम आड येत नाय. घेऊ दे त्याला. बाकी काय नाय बघायचं."

जंतू सगळ्यांना सोयीचा होता. तो बाहेरून आलेला. त्यात ना कुणाच्या रक्ताचा दोष, ना बिडीचा, ना ताकातल्या पाल्याचा. कान्हूकाकानं पेणच्या डॉक्टरांकडून गोळ्या आणल्या, नेमानं घेतल्या आणि पोटातली जळजळ खरंच थांबली. मग तो गावभर सांगत सुटला, "आमच्या घरात जंतू शिरला व्हता. मारला त्याला!" आजी आणि माझे वडीलही जंतूनंच गेले असणार, असंही लोक म्हणायला लागले. ऐकून मला तिडीक यायची. इतकी वर्षं पथ्य मोडल्याचा डाग त्यांच्या माथी मारला होता, तो पुसताना निदान कोणी माफी तरी मागायची.

पावसाळा सरला आणि एक दिवस सरूकाकी, कान्हूकाकाची बायको, बाजाराचं निमित्त करून अष्टमीला आली. चहाचा कप हातात घेऊन बसली आणि पितच नव्हती.

"वन्स, ते आपले कपडे आपून धुतात," ती म्हणाली.

या माणसानं लग्न झाल्यापासून साधा रुमाल धुतला नव्हता.

"कवापासून?" आत्यानं विचारलं.

"गोळ्या घेत व्हते तवापन धूत व्हते. मला हात लावू देत नाय."

आत्या तशीच उठली. मला म्हणाली, "चप्पल घाल." आम्ही पोचलो तेव्हा आजोबा अंगणात नारळ सोलत होते. आत्यानं उंबरठाही ओलांडला नाही.

"बा, कान्हूचं रक्त जातंय. तुला ठावं हाय का?"

"हाय. दिलंय मी त्याला."

"आयेला दिलंस. नाथाला दिलंस. आता ह्याला देतोस? किती जनांना देशील?"

आजोबांनी कोयता खाली ठेवला. "औषध देनाऱ्याच्या घरचा मानूस ह्याच दुखन्याला डाक्तरच्या दारात गेला, तर उद्या माझ्या अंगनात कोन येल? बापजाद्यांचं हाय ते. माझ्या हातानं बुडवू?"

"औषध राहील नि पोर जाईल, ते चालंल तुला?"

"तू ह्या घरातून गेलीस, चंद्रे. ह्या घरचं औषध तुझं नाय. तुला त्यातलं काय कळतं?"

आत्या मात्र तिथून सरळ मिठागराच्या बांधावर गेली, आणि तिथं एकट्या कान्हूकाकानं तिच्यापुढे मान खाली घातली. त्याला भीती वाटत होती. त्यानं ती कबूल केली, एवढ्यासाठी मी त्याला कायम माफ केलेलं आहे.

"बाला सांगू नको, बाय," तो म्हणाला. "रविवारचं औषध देतो नि सोमवारी वडखळला येतो. तिथनं जाऊ."

सोमवारी आम्ही रोह्याहून एसटीनं वडखळ नाक्यावर उतरलो. कान्हूकाका आधीच उभा होता. इस्त्रीचा शर्ट, केसाला तेल, लग्नाला निघाल्यासारखा. आत्यानं त्याच्यासाठी डब्यात मऊ भात आणला होता. अलिबागहून मुंबईची गाडी यायची होती. आत्या त्याच्या बाहीवरून हात फिरवत होती. मी तिला इतकी खुशीत पूर्वी पाहिली नव्हती.

तेवढ्यात एक टेम्पो आमच्यापुढे थांबला. त्यातून एक गृहस्थ उतरले, मागे त्यांची बायको.

"कान्हूदादा ना तुम्ही? आम्ही खांब गावचे. माझ्या मेव्हण्याला तुम्हीच बरं केलंत. काल गाडी मिळाली नाय, म्हनून आज निघालो. आता तुमच्याच घरी चाललो व्हतो. बसवत नाय हो मला, चार दिवस झाले." ते हात जोडून उभे राहिले. "तुम्ही कुठं निघालात?"

कान्हूकाका क्षणभर गडबडला. मग हसला. "कुठं नाय. बहिनीला गाडीत बसवून द्याया आलोय."

त्या जागी दुसरी कोणी असती तर गप्प बसली असती. माणसाला वाटेला लावलं असतं, गाडी आल्यावर भावाला आत ढकललं असतं आणि काम झालं असतं. पण तिथं माझी आत्या उभी होती.

"खोटं कनाला बोलतोस?" ती म्हणाली. "अवो, तो मला सोडाया नाय आला. त्याचंच रक्त जातंय. डाक्तरकडं चाललाय तो."

खांबचे गृहस्थ कान्हूकाकाकडे बघत राहिले. त्यांची बायकोही बघत राहिली. पलीकडे पानाच्या टपरीवर उभी असलेली दोन माणसं वळली. कान्हूकाकाचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"हिचं डोकं फिरलंय," तो म्हणाला. "नवऱ्याच्या कंपनीनं मुंबईचे डाक्तर दाखवले तवापासनं हिला सगल्या जगाचं रक्त दिसतं. चला तुम्ही. आज वार नाय, पन तुमच्यासाठी देतो."

तो टेम्पोत पुढे जाऊन बसला. आत्या धावली, दार धरून म्हणाली, "कान्हू, उतर. माझं चुकलं, उतर." त्यानं तिचा हात सोडवला. मुंबईची गाडी आली आणि गेली. आम्ही डबा घेऊन रोह्याला परत आलो.

त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही. आजोबांनी तिला माहेर बंद केलं. सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर त्याचं पोट फुगलं, शौच बंद झालं, तेव्हा पेणच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि मुंबईला पाठवलं. नेम मोडला तो असा, सगळं संपल्यावर. तिथं त्याचं पोट उघडलं आणि काही न करता पुन्हा शिवलं. सरूकाकी कपाळाला हात लावून बसली होती आणि आत्या दाराबाहेर. शेवटच्या दिवशी त्यानं तिला आत बोलावलं. "बाय, भात आनलास काय गो?" एवढंच म्हणाला.

या वेळी पथ्य कोणी मोडलं? गावानं तेही शोधून काढलं. घरच्याच मुलीनं भर नाक्यावर औषधाचा अपमान केला, म्हणून कान्हूदादाच्या हातातला गुण गेला आणि त्याचा जीवही गेला. हे आत्याला ऐकू जाईल अशा आवाजात बोललं गेलं. मी भांडायला उठले, तिनं मला खाली बसवलं.

बाराव्याला अंगण भरलं होतं. आजोबा खांबाला टेकून बसले होते. शेजारी विशाल, कान्हूकाकाचा मुलगा, डोकं भादरलेला. विसावं लागलं होतं त्याला. जेवणं व्हायच्या आधी फाटकातून ते खांबचे गृहस्थ आले, हातात नारळ घेऊन. त्यांना काहीच माहीत नव्हतं.

"कान्हूदादा कुठं हायत?" त्यांनी विचारलं. "वर्ष झालं, पुन्हा त्रास नाय. म्हटलं, जाऊन पाया पडून येऊ."

कोणीतरी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. ते मटकन बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. आजोबांनी तो नारळ उचलून मांडीवर घेतला. त्यांची नजर माणसांतून आत्याला शोधत आली.

"बघ, चंद्रे," ते म्हणाले. "गुण हाय."

आत्या काही बोलली नाही. मी घाबरले, तिला असं गप्प मी पाहिलं नव्हतं. आजोबा पुढे म्हणाले, "पुढल्या रविवारी विशालला बांधावर नेतो. पाला दाखवतो."

तेव्हा आत्या उठली, आजोबांपुढे जाऊन बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"बा, मुंबईच्या डाक्तरीनबाय मला भेटल्या. कान्हू त्या जंतूनंच गेला, म्हनाल्या. गोळ्या कमी पडल्या त्याला. औषधाचा काय दोष नाय. औषध चांगलंच हाय."

माझ्या हातातलं भांडं खाली पडलं.

"विशालच्या पोटात तो जंतू असंल, तर बघून घ्याया पायजे. पोटाचंच बघायचं. दुसरं काय नाय."

आजोबांचे डोळे भरून आले. इतक्या दिवसांत त्यांना कोणी हे म्हटलं नव्हतं, आणि तेवढंच त्यांना हवं होतं. "पोटाचंच ना?"

"पोटाचंच."

"मग ने त्याला. माझी ना नाय."

विशालच्या आतड्यात कोंब निघाले. लहान होते, सगळे काढले. "वेळेवर आणलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मलाही तपासलं, माझ्यात काही नव्हतं. परतताना मी गाडीत आत्याला विचारलं, "आजी, बाबा, काका, तिघांचं मरण तू पाण्यात घातलंस? वर औषध चांगलं म्हणालीस?"

"मग काय करू गो?" ती म्हणाली. "खरं बोलले नि भाऊ टेम्पोत बसून गेला."

आजोबा पुढच्या वर्षी समाधानानं गेले. पाला विशालला दाखवून गेले. विशाल दर रविवारी अंगणात औषध देतो आणि वर्षातून एकदा मुंबईला जातो. गावात सांगतो, पोटातल्या जंतूची तपासणी आहे. सगळ्यांना ते पटतं. औषध घ्यायला आलेल्या कुणालाही तो डॉक्टरकडे जा म्हणत नाही. मी एकदा त्यावरून त्याच्याशी कडाक्याचं भांडले. त्यानं मान खाली घातली, अगदी त्याच्या बापासारखी, आणि पुढच्या रविवारी पुन्हा औषध दिलं. त्या ओळीत बसलेल्यांपैकी किती जण नुसत्या मूळव्याधीचे आणि किती जण आमच्या दोघांच्या वडिलांसारखे, ते कोण सांगणार?

मुंबईहून परतताना तो आधी अष्टमीला येतो, आत्याच्या पाया पडतो आणि औषधाला आलेल्यांनी अंगणात ठेवलेला एक नारळ ठेवून जातो. आत्या तो कधी फोडत नाही. वाटणात घालत नाही, देवालाही वाहत नाही. मागच्या खोलीत ते तसेच पडून असतात, आत खोबरं सुटून खुडखुडतात.

"काय करायचं ह्यांचं?" मी परवा खोली झाडताना विचारलं.

"राहू दे," ती म्हणाली. "पोरगा येतोय ना."